चिंता म्हणजे प्रेम : इंडोनेशियाचे व्हिडिओ बघायला शिकताना

इंडोनेशियाची पहिली मालिका लावली तेव्हा अर्धा तास माझी समजूत अशी होती की त्या घरात कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. नायक दर दोन मिनिटांनी ‘चिंता’ म्हणत होता, नायिका डोळे भरून ‘चिंता’ म्हणत होती, सासू दाराआडून ऐकत होती आणि मागे व्हायोलिन रडत होतं. मग शब्दकोश उघडला. चिंता म्हणजे तिकडे प्रेम. (तसं पाहिलं तर फार चुकलं नव्हतं.)

तिथून लागलेला नाद अजून सुटलेला नाही. ओळखीपाळखीचे लोक विचारतात, कोरियन बघतात ते समजतं, पण इंडोनेशियन? सुरुवात कुठून करायची? त्यांच्यासाठी ही वाट लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो. ‘बघायलाच हवेत असे दहा’ छाप याद्यांच्या मागे लागू नका. तिकडे पडद्यावर गाजलेल्या बऱ्याच गोष्टी फुटपाथवर, ट्रकच्या हौद्यात किंवा बसथांब्यापाशी सुरू झालेल्या असतात. ते लहान टोक पकडायचं आणि गोष्ट कुठवर पोचली ते बघत जायचं.

पहिली पायरी : शोधायचं कसं

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण चुकवलीत तर तुमच्यापुढे इंग्रजीतले बालीचे प्रवास-व्हिडिओच येत राहतील. शोध इंडोनेशियन भाषेतच घ्यायचा. लिपी रोमन आहे, त्यामुळे अवघड नाही. फक्त चार-पाच नियम लक्षात ठेवा. सी म्हणजे च, क नव्हे आणि स तर नव्हेच. टी म्हणजे त, ट नव्हे. यू म्हणजे उ. एन आणि जी जोडून आले की आपला ङ, आणि तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. ‘ङाबुबुरित’ हा त्यातला माझा आवडता शब्द. रमजानात रोजा सुटेपर्यंतचा वेळ इकडेतिकडे भटकून घालवणं, एवढं सगळं त्या एका शब्दात आहे. 1947 साली स्पेलिंग सुधारली, त्याआधी उ लिहायला ओ आणि ई वापरत. जुन्या नावांत आणि मुद्दाम जुनं वळण ठेवलेल्या शीर्षकांत ती जोडी दिसली की सरळ उ वाचायचं.

मराठी माणसाची एक सोय आहे. अर्धे शब्द घरचेच निघतात, पण वेश पालटून आलेले. सुआरा म्हणजे आवाज (आपला स्वर), वार्ना म्हणजे रंग, चरिता म्हणजे गोष्ट, बरिता म्हणजे बातमी, आचारा म्हणजे टीव्हीवरचा कार्यक्रम, सुआमी म्हणजे नवरा, इस्त्री म्हणजे बायको. शेवटचा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा कपड्यांचीच इस्त्री डोळ्यांसमोर आली. शोधताना ‘लागू’ (गाणं), ‘नोन्तोन’ (बघणं), ‘लुचू’ (विनोदी) असे शब्द नावापुढे जोडा, लगेच फरक दिसेल.

दुसरं, लघुरूपं. आपण मविआ आणि मनसे म्हणणारी माणसं, त्यामुळे सवय आहे, पण इंडोनेशियन लोक याबाबतीत आपल्याला सहज मागे टाकतात. ‘सिनेत्रोन’ म्हणजे टीव्ही मालिका, तो ‘सिनेमा एलेक्त्रोनिक’चा जोडशब्द आहे. ‘नोबार’ म्हणजे एकत्र बसून बघणं, ‘चुरहात’ म्हणजे मन मोकळं करणं, ‘बुचिन’ म्हणजे प्रेमाचा गुलाम. शब्दकोशात एखादा शब्द सापडला नाही, तर तो दोन शब्दांची डोकी कापून जोडलेला असणार असं समजायचं.

दुसरी पायरी : आधी कान

मालिका नको, सिनेमा नको. आधी दांगदुत ऐका.

दांगदुत हे तिथलं घराघरातलं, लग्नमांडवातलं, ट्रक-टेम्पोतलं संगीत. नावच तालावरून पडलंय. तबल्याच्या किंवा कंदांग नावाच्या ढोलाच्या बायावर पडलेली थाप ‘दांग’ आणि लगोलग दाबून काढलेली ‘दुत’. मलय वाद्यवृंद, अरबी वळणं आणि हिंदी सिनेमाची गाणी यांच्या मिश्रणातून हे घडलं. 1970 च्या दशकात रोमा इरामा या गायकाने आपल्या सोनेता या वाद्यवृंदात त्यात रॉकची गिटार घातली, वर धर्माचा उपदेशही घातला, आणि ‘दांगदुतचा राजा’ झाला. त्याची जुनी गाणी लावलीत तर दहाव्या सेकंदाला वाटेल की ही चाल कुठेतरी ऐकली आहे. ऐकलेली असेलही.

उपदेशाच्या बरोबर उलट्या टोकाला इनुल दारातिस्ता. पूर्व जावाची ही गायिका 2003 च्या सुमारास देशभर गाजली, ती तिच्या कंबर फिरवण्याच्या पद्धतीमुळे. त्या नाचाचं नाव होतं ‘गोयांग ङेबोर’, म्हणजे ड्रिल मशीनचा नाच. राजेसाहेब जाहीरपणे भडकले, धर्मसंस्था भडकल्या, आणि लोकांनी सीडीवर सीडी विकत घेतल्या. तेव्हा यूट्यूब जन्माला यायचं होतं. लग्नातल्या कार्यक्रमांचं चित्रण करून विकल्या जाणाऱ्या चोरट्या व्हीसीडी हेच तेव्हाचं ‘व्हायरल’. इनुल मोठी झाली ती त्यांच्यामुळे.

तिथून दांगदुत कोप्लोकडे या. हा पूर्व जावाचा धावता प्रकार. कंदांग सुसाट सुटतो आणि मध्ये वादकच ‘हाके, हाके’ असं ओरडतात. विया वालेन आणि डेनी चाकनान ही इथली नावं. गाणी बहुतेक जावानीज भाषेत आणि बहुतेक प्रेमभंगाची, पण ताल असा की रडणाराही नाचतो. 17 ऑगस्ट 2022 ला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, जकार्ताच्या राष्ट्रपती भवनाच्या हिरवळीवर बान्युवांगीच्या बारा वर्षांच्या पोराने असंच एक गाणं म्हटलं. ‘माझी त्याच्याशी तुलना करू नकोस’ अशी त्यातली विनवणी. तो व्हिडिओ जरूर शोधा. पारंपरिक पोशाखातले मंत्री आधी जागच्या जागी मान हलवतात, मग एकेक जण उठतो, आणि शेवटी कडक गणवेशातले अधिकारीही हात हलवत डोलायला लागतात.

दिदी केंपोत यांच्यासाठी मात्र एक अख्खी संध्याकाळ ठेवा. सोलो शहरचा हा माणूस फुटपाथवर गाऊन वर आला. ‘केंपोत’ हेही लघुरूपच, ‘फुटपाथवरच्या गायकांची टोळी’ या अर्थाचं. तीसेक वर्षं त्यांनी रेल्वे स्टेशनवर सोडून गेलेल्या प्रेयसीची, न पाळलेल्या वचनांची जावानीज गाणी म्हटली. तिकडे सुरिनाममध्ये, जिथे डचांनी जावाचे मजूर नेले होते, तिथेही ते लाडके होते. मग 2019 मध्ये अचानक विशीतल्या पोरापोरींना ते सापडले. पोरांनी त्यांना ‘हृदयभंगाचा गॉडफादर’ म्हटलं आणि स्वतःला ‘सोबात आम्ब्यार’, म्हणजे चुराडा झालेल्यांची मित्रमंडळी. एप्रिल 2020 मध्ये त्यांनी कोरोनाच्या मदतनिधीसाठी घरातून मैफल केली आणि 5 मे रोजी ते गेले. त्या शेवटच्या वर्षातल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ बघा. स्टेजवर शांतपणे उभा, जावानीज पोशाखातला पन्नाशीचा माणूस, आणि समोर हजारो तरुण पोरं ओळ न ओळ म्हणत ढसाढसा रडताहेत.

आणि हो, 2011 चा तो पोलीस राहिलाच. सुलावेसी बेटावरच्या गोरोन्तालोमधला एक शिपाई, नॉर्मान कामारू, ड्यूटीवर बसल्या बसल्या गणवेशात ‘छैयां छैयां’वर ओठ हलवतो, हातवारे करतो. तो व्हिडिओ देशभर फिरला. वरिष्ठ आधी रागावले, मग लोकांचं प्रेम बघून वरमले. हिंदी गाणं तिथे किती मुरलेलं आहे ते व्याख्यानापेक्षा या एका व्हिडिओतून जास्त कळतं.

तिसरी पायरी : बत्तीस मिनिटं आणि एक ट्रक

आता भाषा बघायची. त्यासाठी ‘तिलिक’. हा 2018 चा लघुपट ऑगस्ट 2020 मध्ये यूट्यूबवर आला आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या सगळ्या देशाने बघितला. सबटायटल्स आहेत.

तिलिक म्हणजे जावानीजमध्ये आजाऱ्याला भेटायला जाणं. गावच्या सरपंचबाई शहरातल्या इस्पितळात आहेत, म्हणून गावातल्या बायका मालवाहू ट्रकच्या हौद्यात उभ्या राहून त्यांना बघायला निघतात. बस एवढंच. वाटेत बू तेजो नावाची बाई बोलायला लागते. दियान म्हणून गावातली एक मुलगी आहे, तिचं कुणाशी चाललंय, तिला पैसे कुठून येतात, फोनवर काय फोटो आहेत. हातातली कांकणं सारखी करत, ओठ पुढे काढत ती एकेक पुडी सोडते. एक बाई विरोध करत राहते. बाकीच्या ‘हो का?’ म्हणत अजून जवळ सरकतात. एका जागी वाहतूक पोलीस ट्रक अडवतो, तेव्हा या सगळ्या मिळून त्याला असं झाडतात की तो बिचारा वाट सोडतो.

लग्नाला ट्रक-टेम्पोतून गेलेल्या कुणालाही हा हौदा ओळखीचा वाटेल. दोनदा बघा. पहिल्यांदा सबटायटल्स वाचत, दुसऱ्यांदा नुसते चेहरे बघत. इथेच एक धडा मिळतो. या बायका इंडोनेशियन नव्हे, जावानीज बोलतात, आणि यूट्यूबचं आपोआप होणारं भाषांतर जावानीजपुढे हात टेकतं. देशात सातशेच्या वर भाषा आहेत. भाषांतर अचानक वेड्यासारखं काहीतरी दाखवायला लागलं तर बोलणारा माणूस आपल्या गावच्या भाषेत घुसलाय असं समजा.

मालिका, बेताने

सिनेत्रोनबद्दल माझं मत चांगलं नाही, तरी टाळून चालत नाही. तांदळाची पेज विकणाऱ्या एकाच्या हजयात्रेवरून नाव घेतलेली मालिका 2012 ते 2017 चालली आणि तिचे 2,000 हून जास्त भाग झाले. एखाद्या मालिकेचे दोन भाग बघा, ‘पलाकोर’ (दुसरीचा नवरा पळवणारी, हेही लघुरूप) कोण आहे ते ओळखा आणि पुढे चला.

‘आझाब’ प्रकार मात्र चुकवू नका. आझाब म्हणजे देवाची शिक्षा. पापी माणूस मरतो आणि त्याच्या अंत्ययात्रेत भलतंच काहीतरी घडतं. एका गाजलेल्या भागात निर्दयी मुकादमाचं प्रेत ओल्या काँक्रीटमध्ये पुरलं जातं आणि वरून उल्का पडते. हे सगळं शीर्षकातच सांगितलेलं असतं, म्हणजे उत्कंठेचा प्रश्नच मिटला. 2018 मध्ये लोकांनी याची इतकी टर उडवली की खोटी शीर्षकं बनवणं हा स्वतंत्र खेळ झाला. करावे तसे भरावे, पण उल्केसकट.

2014 मध्ये एएनटीव्ही या वाहिनीने आपल्याकडचं नवं ‘महाभारत’ डब करून दाखवलं आणि अर्जुन झालेला शहीर शेख तिथला घरचा हिरो झाला. त्याने पुढे तिथल्या निर्मितींतही काम केलं. इंडोनेशियन बोलणारा कृष्ण बघायला मिळाला तर पाच मिनिटं जरूर बघा. गोष्ट पाठ असल्यामुळे एकही शब्द न येता सगळं समजतं, आणि भाषा कानावर बसायला याच्याइतकी सोपी युक्ती मला तरी सापडलेली नाही.

लहान टोक पकडा

आता खरा खेळ. काही टोकं देतो.

डिसेंबर 2016. मध्य जावाच्या जेपारा भागातली पोरं हमरस्त्याच्या कडेला उभी राहून बसचालकांना फलक दाखवायची : ‘ओम तेलोलेत ओम’. इथे ओम म्हणजे आपला ॐ नव्हे. डच भाषेतून आलेला ‘काका’. तेलोलेत म्हणजे बसचा सुरेल भोंगा. ‘काका, भोंगा वाजवा ना काका.’ चालक वाजवायचा, पोरं उड्या मारायची. हे तीन शब्द जगभरातल्या नामांकित डीजेंनी आपापल्या खात्यांवर लिहिले, अर्थ न कळताच.

2019 मध्ये ट्विटरवर एका टोपणनावाच्या खात्याने विद्यार्थ्यांच्या ग्रामशिबिराची (आपल्या एनएसएससारखं) भुताची गोष्ट तुकड्या-तुकड्यांत लिहिली. लोक रात्र-रात्र जागून पुढच्या तुकड्याची वाट बघत बसले. ‘ते गाव नक्की कुठलं’ याचा शोध घेणाऱ्या व्हिडिओंची रांग लागली. 2022 मध्ये त्यावर सिनेमा आला, त्याला 90 लाखांहून जास्त प्रेक्षक आले. तिथली भुतं आधी माहीत करून घ्या. कुंतिलानाक ही बाळंतपणात गेलेली बाई, आपल्या अळवंतीणीची सख्खी बहीण. पोचोंग हे कफनात बांधलेलं प्रेत, गाठी सुटलेल्या नसल्यामुळे बिचारं उड्या मारत येतं. तुयुल हे टकलं पोर, ते मालकासाठी पैसे चोरून आणतं. भीतीपेक्षा व्यवहार जास्त.

‘आगाक लाएन’ हा तसा चार विनोदवीरांच्या गप्पांचा पॉडकास्ट, सुमात्राकडच्या ठसक्यातला. 2024 मध्ये त्याच नावाचा सिनेमा आला. जत्रेतल्या पडीक भूतबंगल्यावर पोट भरणारे चार जण. तोही 90 लाखांच्या वर गेला. आणि 2011 मध्ये कोंपास टीव्हीने स्टँडअप विनोदाची स्पर्धा सुरू केली, तिचा पहिला विजेता रियान आद्रियांदी. पुढे त्यानेच दिग्दर्शित केलेला ‘जुंबो’ हा अॅनिमेशनपट 2025 मध्ये एक कोटी प्रेक्षकांपार गेला. आधी त्याचे जुने स्टँडअप बघा, मग सिनेमा.

जुलै 2022 चं टोकही मजेशीर. जकार्ताच्या सुदिर्मान या श्रीमंत भागात, झेब्रा क्रॉसिंगवर, लोकलने आलेली उपनगरातली गरीब पोरं नटूनथटून फॅशन शोसारखी चालू लागली. त्या भागाच्या भपकेबाज इंग्रजी नावाचं लघुरूप ‘एससीबीडी’. पोरांनी त्याचा अर्थ लावला : सुदिर्मान, चितायाम, बोजोंगगदे, देपोक. म्हणजे आपापल्या स्टेशनांची नावं. एका नटाच्या कंपनीने या प्रकाराचा ट्रेडमार्क घ्यायचा प्रयत्न केला. लोकांनी असा काही समाचार घेतला की अर्ज मागे घ्यावा लागला.

कमेंटमध्ये उतरताना

व्हिडिओ संपला की उठू नका. निम्मी करमणूक खाली असते. डब्ल्यू आणि के ही अक्षरं आळीपाळीने दहा-बारा वेळा लिहिलेली दिसतील, ते हसणं. स्वतःला ते ‘+62 चे रहिवासी’ म्हणतात, देशाच्या टेलिफोन कोडवरून, आणि बहुतेक वेळा स्वतःचीच खिल्ली उडवताना.

काही लिहायचं असेल तर नुसत्या नावाने हाक मारू नका. आपल्या दादा-ताईसारखं ‘काक’ कुणालाही चालतं. पुरुषाला ‘बांग’ किंवा जावाकडचा असेल तर ‘मास’, तिथल्या बाईला ‘म्बाक’, वडीलधाऱ्यांना ‘पाक’ आणि ‘बू’. ‘भारतातून बघतोय’ एवढं इंडोनेशियनमध्ये लिहिलंत तरी पाच-सहा जण हिंदी गाण्याची ओळ पाठवतात. निदान माझ्या बाबतीत तरी असंच झालं.

एके ठिकाणी मात्र हात आखडता घ्या. जानेवारी 2023 मध्ये लोंबोक बेटावरच्या म्हाताऱ्या बायका चिखलपाण्यात तासन्‌तास बसून टिकटॉक लाइव्हवर ‘गिफ्ट’ मागत असल्याचं उघड झालं आणि सरकारला परिपत्रक काढावं लागलं. 2020 च्या रमजानात बांडुंगच्या एका यूट्यूबरने मदतीच्या नावाखाली तृतीयपंथीयांना कचरा भरलेले डबे वाटले, चित्रण केलं आणि अटकेत गेला. गरिबाला रडवून, थरथरवून केलेला व्हिडिओ समोर आला तर पुढे सरका. पूर्ण बघितलात तर यंत्र तुम्हाला तेच वाढत राहील.

शेवटची पायरी : रात्र आणि घड्याळ

एवढं जमलं की वायांग कुलित थेट प्रक्षेपणात बघा. चामड्याच्या बाहुल्या, पडदा, मागे दिवा, आणि एकटा दालांग सगळ्यांचे आवाज काढतो. योग्यकर्ताचे सेनो नुग्रोहो यांनी हे यूट्यूबवर रुजवलं. 2020 मध्ये ते गेले, पण त्यांच्या अख्ख्या रात्रींच्या चित्रफिती आहेत, आणि इतर दालांग आता सर्रास लाइव्ह असतात.

गोष्ट महाभारताची, पण आपलं महाभारत बाजूला ठेवा. द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको आहे. शिखंडी तिथे स्रिकांदी नावाची धनुर्धर स्त्री, अर्जुनाची पत्नी. घटोत्कच उडतो, आणि इतका लाडका की 1995 मध्ये देशात बनलेल्या विमानाला त्याचं नाव दिलं. आणि चार विदूषक आहेत, ते व्यासांना ठाऊकच नव्हते : समार, गारेंग, पेत्रुक, बागोंग.

वेळ जाहीर होते ती ‘डब्ल्यूआयबी’ अशी, म्हणजे पश्चिम इंडोनेशियाची, आपल्यापेक्षा दीड तास पुढे. हे न बघितल्यामुळे माझा पहिला खेळ अर्ध्यावरून सुरू झाला होता. खेळ नऊच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे आपले साडेसात. पहिले दोन तास राजसभा, लांबलचक भाषणं, मंद गामेलान (तिथला घंटा-झांजांचा वाद्यवृंद). तेव्हा खुशाल स्वयंपाक करा, जेवून घ्या, आवाज चालू ठेवा. तिकडे मध्यरात्र उलटली की ‘गोरो-गोरो’ येतो. पृथ्वी हादरते, पडद्यावर धुमश्चक्री होते, आणि मग एकदम शांतता करून विदूषक येतात. टवाळी, राजकारण, गायिकांची थट्टा, प्रेक्षकांच्या फर्माइशी, मध्येच दांगदुतसुद्धा. आपल्याकडे तेव्हा साडेदहा-अकरा झालेले असतात. बाकीचं जग झोपेत किंवा ऑफिसात असताना आपल्यालाच ही वेळ बरोबर सापडते. पोट सुटलेला, डोळे बटाट्याएवढे असलेला, मालकालाही उलट बोलणारा तो बागोंग. तो बोलायला लागला की आवाज वाढवायचा.